पाठीला ऐकू आलं नाही

घानात मी २०१० ते २०१४ अशी चार वर्षं होतो. त्यातली पहिली दोन वर्षं मी दर पंधरा दिवसांनी एका माणसाकडे ढोल शिकायला जायचो आणि दोन्ही वर्षं चुकीचं ऐकत होतो. हात बरे होते. पुण्यात बारा वर्षं तबला झाला होता, विशारदची परीक्षा दिली होती, कुठलाही बोल दोनदा ऐकला की तिसऱ्यांदा हातातून निघायचा. खोट ऐकण्यात होती. त्या खोटीपायी मी एका म्हाताऱ्या बाईचा, तिच्या भावासाठी चाललेला नाच मोडला. ते, आणि त्याच्या आगेमागे मी जे जे केलं, ते सगळं आता सांगायचं आहे. ज्याच्याशी आधी बोलायला हवं होतं तो माणूस आता नाही.

टेमा बंदराजवळच्या एका कारखान्यात मी हिशेब बघायचो, राहायला आक्रात होतो. शनिवारी पहाटे ट्रोट्रो पकडायची; आपल्याकडच्या वडापसारखी, माणसं भरली की सुटणारी गाडी. सोगाकोपेला व्होल्टा नदीचा पूल लागतो. तिथे गाडी जरा मंदावली की वाफवलेले आबोलो आणि तळलेले बोटाएवढे मासे परातीत घेऊन बायका खिडक्यांशी धावत येतात. पुढे आन्लो लोकांचा मुलूख. हे एवे भाषा बोलणारे लोक. एका बाजूला अटलांटिक, दुसऱ्या बाजूला केटाचं विस्तीर्ण खाजण आणि मधे वाळूची चिंचोळी पट्टी. समुद्राने इथलं किती गाव गिळलं आहे ते डेन लोकांनी १७८४ मध्ये बांधलेल्या प्रिन्झेनस्टाइन किल्ल्याकडे बघून कळतं. त्याचा मोठा भाग लाटांनी नेला आहे. माझ्या शिक्षकाच्या आजोबांचं घर जिथे होतं तिथे आता पाणी आहे. तो हात लांब करून ती जागा दाखवायचा, आणि तो हात रोखलेल्या ठिकाणी लाट फुटताना दिसायची.

त्याला मी ‘एफो’ म्हणायचो. थोरल्या भावाला किंवा मान द्यायच्या माणसाला तिथे असंच म्हणतात. गावात तो आझागुनो होता, म्हणजे मुख्य वादक. हे ऐकल्यावर माझ्या डोळ्यांपुढे आपल्याकडचे उस्ताद आले: सकाळी रियाज, दुपारी शिष्य, रात्री बैठक. एफोचा दिवस पहाटे समुद्रावर सुरू व्हायचा. आपल्या कोकणात रापण ओढतात तशीच तिथेही मोठी जाळी किनाऱ्यावरून ओढतात, चाळीस-पन्नास माणसं दोन दोरांना लागलेली, गाणं म्हणत. त्यानंतर तो आन्लोगाच्या बाजूला त्याच्या कांद्याच्या वाफ्यांवर जायचा. वाळूत खत घालून, हाताने पाणी घालून पिकवलेला तो छोटा, तांबूस कांदा अख्ख्या घानात जातो. ढोल यायचा शनिवार-रविवारी, आणि बहुतेक वेळा कुणाच्या तरी मयताला. त्याचा एक हाबोबो होता, वादन-नर्तनाचं मंडळ. मंडळात गाणी रचणारा आणि म्हणणारा असतो, त्याला हेनो म्हणतात. वर्गणी असते, वही असते, आणि एक बंधन असतं: सभासद गेला की मंडळाने त्याच्यासाठी वाजवायचंच. एफो वाजवायचा तो त्या बंधनापोटी. मला मात्र दोन वर्षं वाटत राहिलं की हा माणूस इतका मोठा कलावंत असून नाइलाजाने मासे ओढतो आहे. ही माझी कीव त्याला दिसत असणार. तो कधी बोलला नाही.

पहिल्या दिवशी मी विचारलं, ढोलाला तुमच्याकडे काय म्हणतात? तो म्हणाला, ‘वू’. मग गाण्यासकट सगळ्या वादनाला? ‘वू’. आणि ते नाचत आहेत, त्याला? ‘वू’. मी वहीत लिहिलं, ‘वू : ढोल’, आणि बाकीचं सोडून दिलं. भाषेत शब्द कमी असतील अशी समजूत करून घेतली. देवगिरीच्या यादवांकडे राहून शारंगदेवाने तेराव्या शतकात ‘संगीतरत्नाकर’ लिहिला, त्यात संगीत म्हणजे गीत, वाद्य आणि नृत्य ही तिन्ही मिळून, हे मी परीक्षेसाठी पाठ केलं होतं आणि त्याचे गुणही मिळाले होते. समोर तिन्ही एका शब्दात उभी होती तेव्हा मला ते आठवलं नाही.

एफोने माझ्या हातात घंटा दिली. गांकोगुई म्हणतात तिला, लोखंडाच्या दोन जोडघंटा, एक मोठी, एक लहान, काठीने वाजवायची. मला ढोल हवा होता. आत्सिमेवू हा उंच ढोल लाकडी टेकूवर कलता ठेवतात आणि वादक त्याच्या बाजूला उभा राहून वाजवतो. तो मला सहा महिन्यांत हवा होता. घंटा हे मला नवशिक्याला गुंतवून ठेवायचं काम वाटलं, आपल्याकडे टाळ हातात देतात तसं. (टाळाबद्दलही मी तेव्हा असंच समजत होतो, हे कबूल करतो.) आग्बाजा नावाच्या प्रकारात घंटेचा एक आवर्त अखंड चालतो, कधी कधी चार तास. बारा सारखे क्षण धरले तर ठोके पडतात पहिल्यावर, तिसऱ्यावर, पाचव्यावर, सहाव्यावर, आठव्यावर, दहाव्यावर आणि बाराव्यावर. सात ठोके, पाच रिकाम्या जागा. बारा म्हटल्यावर मला एकताल दिसला. दोन-दोनचे सहा विभाग पाडले, पहिल्यावर सम ठेवली. पहिले तीन ठोके माझ्या विभागांवर चोख बसले. सहाव्यापासून पुढे घंटा विभागांच्या मधेच पडायला लागली. मी लिहिलं: ‘उत्तरार्धात आडी’. फार समाधान झालं होतं मला ते लिहून. दोनशेपानी वही, पेन्सिलीने आखलेल्या चौकटी, प्रत्येक ढोलाला वेगळा रंग.

त्या वहीला आधारही मिळाला होता. ए. एम. जोन्स या इंग्रज अभ्यासकाने १९५९ मध्ये आफ्रिकी संगीतावर दोन खंड काढले, त्यात एवे वादन पानंच्या पानं लिहून काढलं आहे. लंडनमध्ये डेझमंड टे या एवे वादकाला बसवून, ठोका पडला की कागदावर खूण उमटेल असं यंत्र वापरून त्याने ते केलं. जोन्सने प्रत्येक ढोलाला स्वतःची वेगळी मात्रारचना दिली, एकाची सम दुसऱ्याच्या समेशी न जुळणारी. ते वाचून मला वाटलं, बरोबर, हे असंच गुंतागुंतीचं आहे, आणि मला ते कळतं. पुढे कोफी आगावू या एवे मातृभाषेच्याच अभ्यासकाचं लेखन हाती आलं. त्याचं म्हणणं सरळ आहे: नाचणाऱ्याची पावलं बघा, सगळ्यांची लय तिथे एकच आहे. हे मी वाचलं, खाली रेघ मारली, आणि पुढच्या शनिवारी पुन्हा डोळे मिटून वाजवायला बसलो. डोळे मिटून वाजवणं ही आपल्याकडे तल्लीनतेची खूण समजतात ना.

पावलं कुठे पडत होती ते दोन वर्षांत मी एकदाही नीट पाहिलं नव्हतं. ती पडतात पहिल्यावर, चौथ्यावर, सातव्यावर आणि दहाव्यावर, तीन-तीनच्या चार पावलांत. आता घंटेशी ताडून बघा: चौथ्यावर आणि सातव्यावर घंटा गप्प असते. कागानू नावाचा लहान ढोलसुद्धा नेमकी पावलाची जागा सोडून, तिच्यानंतरच्या दोन क्षणांवर वाजतो. ज्या जागा वाद्यांनी रिकाम्या ठेवल्या आहेत त्या माणसाच्या पायाने भरायच्या आहेत. नाच काढून घेतला तर त्या संगीतातलं एक वाद्यच नाहीसं होतं. माझ्या वहीत ते वाद्य नव्हतं.

एफो सांगायचा, ‘उठ, नाच.’ मी हसून टाळायचो. मी वादक आहे, नाचत नाही, असं म्हणायचो. त्यामागे काय होतं ते आता स्पष्ट बोलायला हवं. आमच्या गावी हलगी वाजवणारे वाजवता वाजवता नाचायचे, आणि ते कोण होते, कुठल्या वस्तीत राहायचे, हे आमच्या घरात एका विशिष्ट आवाजात बोललं जायचं. तबला बसून वाजवायचा, ताठ बसून. तो ताठा मी समुद्रापार घेऊन गेलो होतो. एफोला मी हे कधी सांगितलं नाही. सांगायला लाज वाटली असती, आणि ती वाटायलाच हवी होती.

मधे आक्रात एक गोष्ट घडली. आक्रा हे मुळात गा लोकांचं गाव. होमोवो या त्यांच्या सणाआधी, साधारण मे-जूनमध्ये, पेरणीनंतर महिनाभर ढोल आणि गोंगाट बंद असतो. मला ते ठाऊक होतं. तरी मी गच्चीवर किदी नावाचा ढोल घेऊन बसलो. हळू वाजवतो आहे, आणि मी तर परदेशी, असं मनाशी म्हणून. वस्तीतले दोन वडीलधारे जिना चढून आले. अतिशय सौम्यपणे म्हणाले, हे दिवस शांततेचे आहेत. मी त्यांच्याशी वाद घातला. चर्चमध्ये वाजतं ते चालतं का, असं विचारलं. ते काही न बोलता उभे राहिले, आणि मी काठ्या खाली ठेवीपर्यंत उभेच राहिले. पुढच्या शनिवारी तक्रारीच्या सुरात मी हे एफोला सांगितलं. वाटलं, हा एवे, तो गांच्या नियमाला नावं ठेवेल. त्याने विचारलं, ‘तुझ्या घरात लहान मूल झोपलेलं असताना तू ढोल काढतोस?’ मी म्हटलं, नाही. ‘त्यांचं पेरलेलं झोपलं आहे,’ तो म्हणाला, आणि कागानूचं कातडं ओलं करून त्याच्या खुंट्या ठोकायला लागला.

तिसऱ्या वर्षी मंडळातला एक जुना सभासद गेला. नावेचा तांडेल होता. लाल-काळ्या कपड्यांतली दोनेकशे माणसं, आंब्याखाली बाकं मांडलेली, जमिनीवर जिन शिंपडून पूर्वजांना हाक घातलेली. आग्बाजा सुरू झाला. त्यात सोगो हा ढोल पुढारपण करतो आणि किदी त्याला उत्तर देतो. त्या दिवशी सोगोवर एफो होता आणि किदीवर, पहिल्यांदाच, मी. किदीचं उत्तर ठरलेलं असतं. सोगोने विषय मांडला की किदीने त्याचं उत्तर धरायचं आणि तो विषय बदलेपर्यंत ते सोडायचं नाही. काठी कातड्यावरून उसळू द्यायची की दाबून धरायची, एवढ्या दोनच गोष्टी, पण त्यांच्या क्रमातून ते बोलणं ऐकू येतं.

अर्धा तास मी नीट वाजवलं. मग मेलेल्या माणसाची बहीण पुढे आली. सत्तरीची असेल. आग्बाजात माणसं जोडीने वर्तुळात येतात, ढोलांकडे सरकत येतात. ही एकटी आली. बरोबर नाचायचा तो गेला होता. कमरेत किंचित वाकलेली, कोपरं पंखांसारखी, आणि पाठ... खांद्यांची पाती जवळ येऊन सुटत होती, पुन्हा जवळ येऊन सुटत होती, काळ्या कापडाखाली ते स्वच्छ दिसत होतं. एफोने तिच्याकडे बघून विषय बदलला, तिच्यासाठी. लोक बाकांवरून उठले. माझ्या अंगात काय संचारलं कोण जाणे. मला वाटलं, हा कळस आहे, इथे काहीतरी दिलं पाहिजे. मी उत्तर सोडलं आणि एक तिहाई टाकली. दोन आवर्तांची, तीनदा तोच तुकडा, घंटेच्या पहिल्या ठोक्यावर चपखल आलेली. हिशेबाने तिच्यात काडीची चूक नव्हती.

ती थांबली. चालता चालता पायरी हुकावी तशी पुढे झुकली आणि उभी राहिली. पाठ थांबली. घंटा चालू होती, कागानू चालू होता, पण ज्या उत्तरावर ती उभी होती ते मी काढून घेतलं होतं. एफोने सोगोवरून डावा हात उचलला, माझ्या किदीवर सपाट ठेवला आणि एका हाताने वाजवत राहिला. मागून एका पोराने माझ्या काठ्या घेतल्या. बारा-तेरा वर्षांचं पोर असेल, त्याने पुढच्याच आवर्तात उत्तर धरलं. पण ती परत नाचली नाही. तिला दोघींनी धरून बाकावर नेलं.

मी वर्तुळाबाहेर उभा होतो. कुणी रागावलं नाही. संध्याकाळी मी माफी मागायला गेलो तेव्हा तिने मला जवळ बोलावलं, बसल्या बसल्या माझ्या पाठीवर, दोन पात्यांच्या मधे, हाताचा तळवा ठेवला आणि एफोला एवेत काहीतरी म्हणाली. एफोने सांगितलं, ‘ती म्हणते, इथे ऐकू येत नाही याला.’

त्यानंतरची दीड वर्षं मी घंटा वाजवली आणि नाचायला शिकलो. नीट आलं नाही. पाठ उशिरा शिकते. पण तीन महिन्यांत एका दुपारी घंटा वाजवता वाजवता पाऊल चौथ्यावर पडलं आणि तो आवर्त अचानक वेगळाच ऐकू आला: मोठ्या घंटेचा जो खालचा ठोका मी सुरुवात समजत होतो, तिथे वाक्य येऊन टेकत होतं. उरलेले सहा त्याच्याकडे चालले होते. ‘उत्तरार्धात आडी’ असं काही नव्हतंच.

इथेच थांबलो तर मी सुधारलो असं वाटेल. तसं झालं नाही. पैशाच्या बाबतीत मी शेवटपर्यंत एफोला तासाच्या हिशेबाने शिकवणीचे पैसे देत राहिलो. त्याचा मुलगा मलेरियाने पडला तेव्हा ‘या आठवड्यात तास नाही’ एवढाच अर्थ मी घेतला. मंडळाने मला सभासद करून घेतलं, तेव्हा मी वर्षाची वर्गणी एकरकमी भरली आणि कर्तव्य संपलं असं समजलो. आणि २०१५ मध्ये, पुण्याला परत आल्यावर, एका फ्यूजनच्या कार्यक्रमात मी आग्बेकोचे तुकडे वाजवले. आग्बेको हे आन्लोंचं युद्धनृत्य. त्याचं जुनं नाव आतामगा, म्हणजे मोठी शपथ. लढाईला जाणाऱ्यांनी घेतलेली. निवेदकाने ‘आता आफ्रिकन बीट्स’ असं म्हटलं. माईक माझ्या हातभर अंतरावर होता. आन्लो हा शब्द उच्चारायला एक सेकंद लागला असता. मी हसून वाजवायला सुरुवात केली. टाळ्या खूप मिळाल्या.

त्याचं चित्रण मी एफोला पाठवलं, अभिमानाने. दोन दिवसांनी त्याचा आवाजी निरोप आला, मागे लाटा ऐकू येत होत्या. आधी माझ्या आईची चौकशी, मग पावसाची. मग म्हणाला, ‘गाणं कोण म्हणत होतं? मला दिसलं नाही. आणि नाचत कोण होतं?’ खरंच विचारत होता तो. चित्रण अर्धवट आलं असेल असं त्याला वाटलं असावं. मी उत्तर दिलं नाही. आज देतो, उद्या देतो, असं करत दोन वर्षं गेली, आणि २०१७ च्या मार्चमध्ये मंडळाच्या चिटणिसाचा निरोप आला की एफो गेला. मार्च म्हणजे आमच्याकडे वर्षअखेर. घानात मोठ्या माणसाचं मयत कित्येक आठवडे ठेवून, सगळे जमल्यावर पुरतात. मला पोचायला वेळ होता. मी पैसे पाठवले. चिटणिसाने लिहिलं, पैसे मिळाले, आक्पे, म्हणजे आभार. आणि खाली एक ओळ: पैशांचा रकाना वेगळा असतो.

२०१८ मध्ये, त्याच्या वर्षाला, गेलो. सोगाकोपेचा पूल, आबोलो, खाजण. ती म्हातारी बाई होती. तिने मला ओळखलं की नाही ते कळलं नाही. सोगोवर तेच पोर होतं, आता चांगलं उंच झालेलं. मी कुणाला काही विचारलं नाही, घंटा घेतली आणि संध्याकाळी साडेचार ते रात्री नऊपर्यंत ती खाली ठेवली नाही. मनगट सुजलं. मधे दोनदा कुणीतरी मागून माझ्या कपाळावर सेडीची नोट चिकटवली, घामाने ती तिथेच राहिली. आठच्या सुमारास एफोची बायको वर्तुळात आली. मी तिच्या पावलांकडे बघत होतो.

संपल्यावर चिटणिसाने वही काढली. शाईने आखलेले रकाने, प्रत्येक मयताची तारीख, हजर असेल तर बरोबरची खूण, नसेल तर फुली. माझ्या नावापुढे चार वर्षांच्या फुल्या होत्या, एफोच्या तारखेखाली एक. शेवटच्या चौकोनात त्याने बरोबरची खूण केली आणि पान वाळायला उघडं ठेवलं. मागच्या फुल्या त्याने खोडल्या नाहीत, आणि मीही तसं सुचवलं नाही.